गळतीला लावलेला कान

घिवलीत बळवंत तांडेल कुठं राहतो असं विचारलंत तर माणसं जरा विचारात पडतील. गॅसवाला बलवंत विचारा, शेंबडं पोरही बोट करून घर दाखवील. गॅस म्हणजे चुलीचा नव्हे. फ्रीजचा, एसीचा, मासे ठेवायच्या थंड खोल्यांचा. तारापूरच्या एका कारखान्यात त्यानं सव्वीस वर्षं थंडाव्याची मोठी मशिनं सांभाळली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा हत्यारांची पेटी उचलून तो गावात परत आला आणि घरोघरची कामं घ्यायला लागला.

त्याची कामाची रीत वेगळी होती. गॅस कुठून गळतो ते शोधायला बाकीचे मिस्त्री सांध्यांना साबणाचा फेस लावतात आणि बुडबुडा यायची वाट बघतात. बळवंत हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा. त्याचं टोक पाइपवर, मूठ कानात. डोळे मिटायचे, अर्धा मिनिट गप्प राहायचं, मग बोट ठेवायचं. "इथं." फेस लावून बघितला तर तिथंच बुडबुडा.

गाव म्हणायचं, कान बापाचा आलाय. त्यात खोटं काही नव्हतं. त्याचा बाप रामा तांडेल वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दुसरं टोक कानाला लावायचा आणि तळाशी घोळ मासा गुरगुरतोय का ते ऐकायचा. रामानं वल्हं हातात घेतलं की आजूबाजूच्या होड्या आपापली मशिनं बंद करायच्या. तो ज्या दिशेला मान करील तिकडं जाळी पडायची. म्हातारपणी मात्र त्याला एक विचित्र सवय लागली. वल्ह्याचं टोक कानाला न लावता तो दातांत धरून बसायचा. तेव्हा अख्खं बंदर हसायचं. "रामाला भूक लागली, वल्हं खातो!" लहानगा बळवंतही हसायचा.

आता बळवंत अठ्ठावन्नचा. बायको सुलू जाऊन चार वर्षं झाली. एकुलती मुलगी मेघाली उंबरगावला दिली. ती दर रविवारी फोन करते. आधी अर्धा तास चालायचा तो फोन, आता तीन-चार मिनिटांत आटपतो. ती काही सांगते, हा "हो, हो" म्हणतो. एकदा तिनं विचारलं, "बाबा, जेवलात का?" हा म्हणाला, "हो, गुरुवारी." त्या दिवशी फोन दोन मिनिटांतच संपला.

रोज सकाळी नऊ वाजता तो हंसाबाईच्या खोलीवर जायचा. हंसा तांडेल नात्यानं लांबची, वयानं त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. होड्यांवरून पापलेट, सुरमई उचलायची, बंदराजवळच्या आपल्या थंड खोलीत ठेवायची आणि भाव बघून पुढं पाठवायची. खोलीची वर्षाची देखभाल बळवंतकडं होती. तो मीटर बघायचा, वहीत आकडा लिहायचा. मग हंसा स्टीलच्या पेल्यात चहा द्यायची. मासे साफ करणारी लाडकीमावशी कोयत्यावरून मान वर न करता त्याला दोन टोमणे मारायची. दिवसभरात त्याच्या तोंडून जेवढे शब्द निघायचे त्यातले निम्मे त्या खोलीच्या दारात निघायचे. उरलेले निम्मे गिऱ्हाइकांशी. घरात एकही नाही.

गणपती गेले आणि खोलीचा गॅस कमी व्हायला लागला. बळवंतनं भरला. पंधरा दिवसांत पुन्हा कमी. पुन्हा भरला. तिसऱ्यांदा भरूनही काटा खाली आला त्या मंगळवारी हंसा कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"बलवंतदादा, तीनदा गॅस भरलाव तुमी. जातो कुठं? समुद्रात?"

"सापडंल गो."

"सापडंल नको बोलू. शनिवारी दोन होड्यांचा पापलेट येतो हाय. शनिवारच्या आत गलती नाय सापडली तर मी बोईसरच्या कंपनीची मानसं बोलावनार, नि वरसाचं काम पन त्यांनाच देनार. तोंडावर सांगते, मागून बोलनारी मी नाय."

शेवटचं वाक्य बोलताना ती पाठ करून आत वळली, त्यामुळं ते त्याला कळलं नाही. पण शनिवार कळला आणि कंपनी कळली.

बाहेरचे सगळे सांधे त्यानं फेस लावून बघितले. बुडबुडा नाही. खोलीच्या आत छताजवळ जे पंख्यांचं कॉइल असतं, तिथं साबण लावला तर तो गोठून पांढरा होत होता. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला. टोक पाइपवर, मूठ कानात. पाइप शांत होता. दुसरा पाइप शांत होता. सगळेच पाइप शांत होते.

खरं तर त्याला आदल्याच संध्याकाळी कळून चुकलं होतं. लाडकीमावशी दारात जाळीचा तुकडा शिवत बसली होती. बोलायचं म्हणून बळवंत म्हणाला, "दोन पावसाले झाले मावशी, रातकिडे मेले सगले. त्या कारखान्यांच्या औषधांनी."

"मेले?" मावशीनं सुई थांबवली. "मग आता बोंबलतो तो कोन, तुजा बापूस?"

तो हसला, मुद्दामच बोललो असं दाखवून. घरी येऊन ओट्यावर बसला. झाडांकडं बघत बसला. झाडं गप्प होती.

बुधवारी तो बोईसरला गेला. फ्रीज-एसीचे सुटे भाग विकणाऱ्या प्रफुल्लशेटचं दुकान त्याच्या जुन्या ओळखीचं. शेट गुजराती, जन्म इथलाच.

"गॅस शोधायचं मशिन दाखव," बळवंत म्हणाला.

"तुम्ही?" प्रफुल्ल हसायलाच लागला. "बळवंतभाई, सूर्य कुठून उगवला ने आज? तुमचा कान काय झाला?"

"कान हाय. पन खोली मोठी हाय."

प्रफुल्लनं काउंटरवर तीन पेट्या मांडल्या. पहिली उघडली. मूठ, मुठीला सापासारखी वळणारी नळी, नळीच्या टोकाला सेन्सर. तपासायला ठेवलेली गॅसची इवलीशी बाटली त्यानं टोकाजवळ धरली. "हा स्वस्तातला. गॅस आला की टिवटिव करतो. ऐकलंत?"

बळवंतला काही ऐकू आलं नाही. "हो," तो म्हणाला. "बरा ओरडतो."

प्रफुल्ल क्षणभर त्याच्याकडं बघत राहिला. मग मशिनकडं बघितलं आणि ते खाली ठेवलं.

"पण हा इकडं वेड्यासारखं करतो," तो म्हणाला. आता जरा सावकाश बोलत होता, समोर बघून. "गरम सेन्सर आहे. बाजूला कुणी थिनर उघडलं, कारखान्यांकडून वारा फिरला, फिनेलचं पोतेरं मारलं, की हा गॅस गॅस म्हणून बोंबलणार. माशांच्या खोलीत तर फिनेल रोजचंच."

दुसरी पेटी जरा जड होती. "हा इन्फ्रारेड. थिनरला विचारत नाही, फिनेलला विचारत नाही. फक्त गॅसला ओळखतो. हळूहळू फिरवायचा, पण थांबायचं नाही. एका जागी धरून ठेवलात ने, तर तिथल्या गॅसलाच साधी हवा समजून गप्प बसतो. आणि याला दिवे आहेत, बघा. आकडा पण येतो. मूठ पण थरथरते." दिव्यांचं त्यानं दोनदा सांगितलं. किंमत सांगितली ती जुनी स्कूटर येईल एवढी.

"नि हा?"

तिसऱ्या पेटीत पिस्तुलासारखं यंत्र आणि कानावर चढवायचे जाड हेडफोन होते. "हा वास घेत नाही. गळतीचा आवाज पकडतो. माणसाला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज असतो ने, तो खालच्या सुरात करून कानात सोडतो. किंमत त्याच्याच एवढी."

बळवंतनं हेडफोन चढवले. प्रफुल्लनं बटण दाबलं.

आणि दुकान बोलायला लागलं. प्रफुल्लनं प्लास्टिकची पिशवी हलवली, ती कुरकुरली. पिशवीला आवाज असतो हे तो विसरूनच गेला होता. किल्ल्यांचा जुडगा खळखळला. पंख्याचं पातं हवा कापत होतं. शेटनं दाढी खाजवली तेही ऐकू आलं. बळवंत यंत्राचं तोंड इकडं तिकडं करत उभा राहिला, बापानं होडीत वल्हं फिरवावं तसा.

हेडफोन काढले तेव्हा प्रफुल्ल बोलतच होता. "...कोल्ड रूमला दोन नंबरचा घ्या. कॉइलची गळती असते बारीक, आवाज कसला करणार? तिकडं वारा, समुद्र, पंखे, हा सगळंच ऐकवणार तुम्हाला. गॅस सोडून."

"माजा बाप वल्ह्याला कान लावून घोल पकडायचा," बळवंत म्हणाला. "मी नाक लावून काम नाय केलं कवा. हाच दे."

त्या संध्याकाळी त्यानं हंसाच्या खोलीवर हेडफोन चढवले आणि लाडकीमावशी पोट धरून हसली. "बग गो हंसा, बलवंत गानी ऐकतो!" तिचा कोयता खवल्यांवरून खरखर फिरत होता, तो त्याला ऐकू येत होता. हंसाच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तो खोलीबाहेरच्या मशिनकडं वळला. वारा समुद्रावरून येत होता. मोठ्या वॉल्व्हपाशी सुस्स असा आवाज आला. थांबला. पुन्हा नेम धरला. सुस्स. 

"सापडला!" तो ओरडला. पान्यानं वॉल्व्हचं बूच आवळलं, चौथ्यांदा गॅस भरला. हंसानं त्या दिवशी दुसरा पेला चहा दिला.

घरी जाताना त्यानं हेडफोन काढले नाहीत. आंब्याच्या वाडीजवळ आला आणि जागीच उभा राहिला. रातकिडे. एक नव्हे, दहा नव्हे, कुंपणाच्या काटक्या-काटक्यांतून. यंत्र वाडीकडं केलं की वाढत, रस्त्याकडं केलं की कमी. समोरून स्कूटरवाला गेला. हा हातात पिस्तूल धरून झाडावर नेम लावून उभा, तो बघून गेला. बळवंत ओट्यावर बसला तेव्हाही हेडफोन कानावरच होते. सुलू याच ओट्यावर तांदूळ निवडायची आणि म्हणायची, किती ओरडतात मेले. तांदळाचा सुपात होणारा आवाज कसा होता ते आठवायचा त्यानं प्रयत्न केला. आठवला नाही. सेल संपेपर्यंत तो बसून राहिला. मग घरात जाऊन कालचाच भात खाल्ला.

शुक्रवारी सकाळी, दोनच दिवसांत, मीटरचा काटा पुन्हा खाली होता.

 हंसानं चहाचा पेला भिंतीच्या कठड्यावर ठेवला आणि आत गेली. रोज ती पेला हातात द्यायची. त्यानं चहा घेतला नाही. वॉल्व्हपाशी उभा राहून तळहात पुढं केला, तेव्हा वारा बोटांमधून गेला. बुधवारी त्यानं ऐकलं होतं ते हेच. वारा बुचाच्या फटीतून जात होता.

त्यानं हेडफोन पेटीत नीट गुंडाळून ठेवले आणि साडेनऊची एसटी पकडली.

"हा परत घे," त्यानं काउंटरवर पेटी ठेवली. "दोन नंबरचा दे."

"का? बिघडला?"

"चांगला हाय. लय चांगला हाय."

"मग?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तरी बळवंतनं दाराकडं बघून घेतलं. "टिवटिववाला नको. दिव्यांचा दे. मला टिवटिव ऐकू येत नाय."

हे वाक्य त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. सांगून झाल्यावर तो प्रफुल्लच्या ओठांकडं बघत राहिला.

"ठाऊक आहे मला," प्रफुल्ल सावकाश म्हणाला. "बुधवारी पहिलं मशिन दाखवलं ने, त्याचा आवाज मी बंद ठेवला होता. चुकून. तुम्ही म्हणालात, बरा ओरडतो."

बळवंत काउंटरवरच्या स्क्रूंच्या डब्याकडं बघायला लागला.

"परत घेतो," प्रफुल्ल म्हणाला. "पण बळवंतभाई, दोन्ही ठेवायचे असतील तर..."

"दोन्ही नाय परवडत."

पेटी फडताळात गेली. फडताळाचं दार लागलं, त्याचाही आवाज झाला नाही.

दुपारी त्यानं खोलीतले पंखे बंद केले, मशिन बंद केलं, कॉइलवरचं बर्फ पाणी मारून उतरवलं. शिडी लावली. नवीन यंत्राचं टोक कॉइलच्या एका कडेला धरलं आणि चालायला लागला. मुंगी चालेल तसं. थांबायचं नाही. हिरवा दिवा. हिरवा. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. दाराबाहेर हंसा कुणाशी तरी फोनवर बोलत होती. कंपनीशी असेल. हिरवा. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात पाइपची वळणं होती. तिथं मूठ थरथरली. दिवा पिवळा झाला. अजून दोन बोटं पुढं, लाल. मूठ हातात जिवंत मासा धरल्यासारखी फडफडत होती.

तिथं एक नारळ टांगलेला होता.

गेल्या वर्षीची नारळी पौर्णिमा. गावातल्या होड्यांची पूजा झाली, तेव्हा हंसा म्हणाली होती, माझी होडी म्हणजे ही खोली. हळद-कुंकू लावून तिनं नारळ वर दिला होता. "उंच बांदा दादा, कुनाचा हात पोचनार नाय असा." दोरी सापडेना. बळवंतच्या खिशात लोखंडी तार होती. पाइपच्या वळणाला दोन वेढे देऊन त्यानं ती आवळली होती, मिस्त्रीच्या हातानं, घट्ट. लाडकीमावशीनं टाळ्या वाजवल्या होत्या.

पंखा फिरला की तार थरथरली असणार. चौदा महिने. तारेखालचं तांबं कानशीनं घासल्यासारखं खाचलं होतं आणि त्या खाचेत तेलाचा एक ओला ठिपका चमकत होता. गॅसबरोबर तेल येतं. हा ठिपका त्याला तीनदा दिसला नव्हता, कारण तो डोळे मिटून ऐकत होता.

तार काढून खिशात घातली असती तर कुणाला कळलं नसतं. पाइप सडला म्हणून सांगता आलं असतं. खाऱ्या हवेत पाइप सडतातच. तो शिडीवर तसाच उभा राहिला. थंडीनं बोटं बधिर झाली. मग एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात तार घेऊन बाहेर आला.

"हा बग," तो हंसाला म्हणाला. "हीनं पाइप कापला. मी बांदलेली तार."

हंसानं फोन खाली केला. नारळाकडं बघितलं. "मी बोलले म्हनून बांदलाव."

"तू नारल बोललीस. तार नाय बोललीस. मिस्त्री मी हाय." मग त्यानं एक श्वास घेतला. "आनि हंसा, फोन नको करत जाऊ मला. मेसेज टाकत जा. माजे कान गेले."

"अगो बाय!" हंसानं दोन्ही हात डोक्याला लावले. "दोन वरसं मी गला फाडून बोलते तुमच्याशी. माजा घसा बसला, नवरा बोलतो, तू भांडतेस कोनाशी रोज सकालचं! नि तुमी आता सांगता?"

"मग तूच का नाय बोललीस?"

"तुमी बोललाव?"

लाडकीमावशीनं कोयता थांबवला होता.

"कंपनीची मानसं कवा येतात?" बळवंतनं विचारलं.

हंसानं तोंड त्याच्या समोर आणलं, आणि न ओरडता, ओठ नीट उघडत म्हणाली, "कंपनी नाय. नवरा होता फोनवर. आता पाइप जोडा. उद्या पापलेट हाय."

त्यानं पाइपचं वळण बदललं, सांधा चांदीमिश्रित काडी वितळवून जोडला, आतली हवा ओढून काढली, नवा गॅस भरला. यंत्र पुन्हा सगळ्या कॉइलवरून फिरवलं. हिरवा, हिरवा, हिरवा. हंसानं नारळ पुन्हा बांधून मागितला. त्यानं तो सुती दोरीनं दाराच्या कडीला बांधला, पाइपपासून लांब. सूर्य खाडीकडं उतरला होता.

मशिन सुरू झाल्यावर त्यानं सवयीनं स्क्रूड्रायव्हर काढला. टोक पाइपवर, मूठ कानात. कुणी गोधडी झोडपतंय असा एक जाड, बोथट आवाज. त्यात काही वेगळं काढता येईना. पूर्वी त्याला झडपांची उघडझाप ऐकू यायची, परतणाऱ्या गॅसची सळसळ ऐकू यायची. त्यानं डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. मग, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्यानं मूठ कानातून काढली आणि दातांत धरली.

जबड्यातून घरघर वर आली. कवटीत शिरली. टक, टक, टक. झडप उघडत होती, मिटत होती.

किती वर्षं बंदर हसत होतं. तो स्वतः हसत होता. होडीच्या टोकाशी बसलेला तो म्हातारा वल्हं दातांत धरून समुद्राकडं बघायचा. त्याला ऐकू येत नव्हतं. कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. आजूबाजूच्या होड्या मशिनं बंद करून त्याची मान कुठं वळते ते बघत थांबलेल्या असायच्या, आणि तो दातांनी घोळ शोधत बसलेला असायचा.

लाडकीमावशी बादली घेऊन मागून आली. रामाची ती मेहुणी. तिनं बळवंतला तसं बघितलं, बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "कय रं बलवंत, भूक लागली?"

मशिनच्या घरघरीत ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तिचे ओठ हललेले तेवढे त्याला दिसले. पाइप न सोडता त्यानं मान हलवली. हो म्हणून.

बाहेर वाडीत रातकिडे सुरू झाले होते.